पॅनलवरचे शब्द बदलताना: वीजकामातली खटकणारी नावं काढण्याची रीत

दोन पॉवर ट्रान्सफॉर्मर समांतर चालत असतील तर दोघांचे टॅप, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करणारी जोडणी, एकाच पायरीवर असावे लागतात, नाहीतर दोघांच्यामधूनच प्रवाह फिरत राहतो आणि वाइंडिंग उगाच तापतं. म्हणून टॅप लांबून बदलण्याच्या आरटीसीसी पॅनलवर एक निवड-स्विच असतो: इंडिपेंडंट, मास्टर, फॉलोअर. आपल्या उपकेंद्रांत हा स्विच फार जुना आहे आणि 'फॉलोअर' म्हटल्यानं कुणाचं काही अडलेलं नाही. त्याच खोलीतल्या मीटरिंग पॅनलमध्ये मात्र मॉडबस या संदेशपद्धतीवर जोडलेल्या प्रत्येक मीटरला आपण बिनदिक्कत 'स्लेव्ह', म्हणजे गुलाम, म्हणतो.

असे शब्द काढून टाकायला जगात सुरुवात होऊन वीसेक वर्षं झाली. २००३ साली लॉस एंजेलिस काउंटीनं आपल्या पुरवठादारांना उपकरणांवरचं 'मास्टर-स्लेव्ह' टाळायला सांगितलं, तेव्हा बरेच जण हसले. २०२० साली मॉडबसच्या संघटनेनं स्वतःच 'क्लायंट-सर्व्हर' हे शब्द स्वीकारले. २०२१ मध्ये एनएक्सपी कंपनीनं चिपा एकमेकांना जोडणाऱ्या आय-टू-सीच्या दस्तऐवजात 'कंट्रोलर-टार्गेट' आणलं. २०२२ मध्ये घड्याळं जुळवण्याच्या आयट्रिपलई १५८८ मानकाला पुरवणी जोडून वेळ पाठवणारा आणि वेळ घेणारा अशा अर्थाचे पर्यायी शब्द दिले गेले. तेव्हा ठेकेदार, पॅनल बनवणारे, कारखान्यातले देखभाल पर्यवेक्षक आणि आयटीआयचे निदेशक यांच्यापुढे प्रश्न आता 'कसं करायचं' एवढाच उरला आहे.

माझं मत आधीच सांगतो. यातले निम्मेअधिक शब्द तांत्रिकदृष्ट्याही गचाळ आहेत, आणि ते बदलल्यानं ड्रॉइंग जास्त स्पष्ट होतं. पण कामाची सुरुवात यंत्रांच्या नावांपासून करू नका. साइटवर माणसांना ज्या नावांनी हाका मारल्या जातात, तिथून करा.

आधी शोधमोहीम

शब्द कुठे कुठे बसलेत याची यादी केल्याशिवाय एकही लेबल काढू नका. सिंगल लाइन डायग्राम, कंट्रोल वायरिंगची ड्रॉइंग, मालाची यादी, पॅनलच्या दारावरच्या नेमप्लेट, पीएलसीचे (यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकाचे) टॅग आणि त्यांपुढची टिपणं, ऑपरेटरसमोरचे एचएमआयचे पडदे, स्काडातली (दूरनियंत्रणाच्या संगणकातली) अलार्मची वाक्यं, देखभालीचे तक्ते, परमिटचं पुस्तक, हजेरीपट आणि साइटचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. यातल्या शेवटच्या दोन जागा लोक विसरतात, आणि खरे खटकणारे शब्द तिथेच सापडतात.

संगणकावर शोधताना एक सापळा आहे. 'एमएस' हे अक्षर कुठे मास्टर-स्लेव्हसाठी असतं, कुठे माइल्ड स्टीलसाठी, आणि बिलावर तेच मेसर्स असतं. 'शोधा आणि सगळीकडे बदला' हे बटण दाबलंत तर अर्थिंगच्या पट्टीचं साहित्य बदलून बसेल. प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहून बदलायची, आणि ड्रॉइंग करणाऱ्याबरोबर साइटवरचा एक माणूस शेजारी बसवायचा. पॅनलच्या आत पेननं लिहिलेली नावं त्यालाच माहीत असतात.

यादी हातात आली की प्रत्येक शब्दापुढे एकच गोष्ट लिहा: हा शब्द बदलण्याचा अधिकार कुणाचा? काही शब्द आपले, म्हणजे आपणच छापलेले किंवा आपल्या तोंडचे. ते आज बदलता येतात. काही उत्पादकाचे, उदाहरणार्थ मीटरच्या पडद्यावर उमटणारं 'स्लेव्ह आयडी'. ते आपल्या हातात नाही. आपल्या कागदावर 'उपकरण पत्ता' लिहायचं आणि मीटरवर तो कोणत्या नावानं दिसेल हे शेजारी नोंदवायचं. उरलेले कायद्याचे आणि परवान्याचे. त्यांना परस्पर हात लावायचा नाही.

माणसांची नावं

'ए पोऱ्या, पक्कड दे.' 'छोटूला वर चढव.' 'दोन बिगारी पाठवा.' वायर खेचणाऱ्या पोरांना नाव असतं हे बऱ्याच साइटवर पगाराच्या दिवशीच आठवतं. शिकाऊ उमेदवार हा १९६१च्या कायद्यातला शब्द आहे आणि हजेरीपटावर तोच लिहावा. बाकीच्यांसाठी 'मदतनीस' पुरेसा आहे. तोंडी मात्र नावानंच हाक. याला सुरक्षेची बाजूही आहे. 'छोटू, स्विच टाक' म्हटल्यावर तिथे तीन छोटू असतील तर स्विच कोण टाकणार?

'मॅन' लावलेल्या पदांचं मराठीत फारसं अवघड नाही. आयटीआयच्या व्यवसायांची मराठी नावं आधीपासून वीजतंत्री आणि तारतंत्री अशी आहेत. त्यांत बाई-पुरुष असा भेद येतच नाही. महावितरणमध्येही विद्युत सहाय्यक, तंत्रज्ञ, वरिष्ठ तंत्रज्ञ, प्रधान तंत्रज्ञ अशी पदं आहेत, लोक बोलताना 'लाइनमन' म्हणत असले तरी. खांबावर चढणारी मुलगी आली की तिला 'लेडीज लाइनमन' म्हणायचं, या विनोदी अवस्थेतून सुटायला 'तंत्रज्ञ' हा तयार शब्द आहे. 'फोरमन'ला पर्यवेक्षक म्हणा. 'मॅनपॉवर'साठी मनुष्यबळ आहेच, आणि मनुष्य या शब्दात बाया-पुरुष सगळे येतात, त्यामुळे त्याला पर्याय शोधत बसू नका. केबलच्या 'मॅनहोल'ला आपण चेंबरच म्हणतो; अमेरिकेत बर्कली शहरानं २०१९ साली आपल्या नियमावलीतून 'मॅनहोल' काढून 'मेंटेनन्स होल' आणलं, आपल्याला एवढीही खटपट नाही.

परवान्यावर मात्र 'वायरमन' छापलेलं असेल तर टेस्ट रिपोर्टवर आणि विद्युत निरीक्षकाकडे जाणाऱ्या कागदावर तेच लिहा. परवान्याचं नाव एक आणि अर्जातलं दुसरं, म्हणजे कागद परत येण्याला निमित्त.

आणखी एक शब्द, 'फूलप्रूफ'. चाकण, वाळूजच्या वाहन कारखान्यांत आज सर्रास 'पोका-योके' म्हणतात. जपानमध्ये आधी त्याला 'बाका-योके' म्हणत, अर्थ मूर्खापासून बचाव. १९६०च्या दशकात एका कामगार बाईला ते लागलं, आणि अभियंते शिगेओ शिंगो यांनी शब्द बदलून 'चुकीपासून बचाव' असा केला. आपल्या इंटरलॉकच्या वर्णनात 'अडाणी माणसानंही चुकू नये म्हणून' असं लिहिण्याऐवजी 'उलट जोडणी होऊ नये म्हणून' लिहा. इंटरलॉक नक्की काय थांबवतो हेही त्यातून कळतं.

चेंबर उपसायला, ट्रेंच साफ करायला कुणाला बोलवायचं असेल तेव्हा जातीच्या नावानं निरोप जातो, हे अजून घडतं. इथे शब्दाच्या पसंती-नापसंतीचा विषयच नाही. लोकांदेखत जातीवाचक नावानं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा अपमान करणं १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या बैठकीत, हे एकदा स्पष्ट शब्दांत सांगा.

वस्तीच्या नावाची डीपी

या विषयावर टाळायच्या शब्दांच्या परदेशी याद्यांत काही मिळणार नाही, कारण हा प्रश्न आपलाच आहे. गावाकडे ट्रान्सफॉर्मरचं, म्हणजे लोकांच्या भाषेत डीपीचं, नाव बहुतेक वेळा वस्तीवरून पडतं. आणि वस्त्यांची नावं कित्येक ठिकाणी जातीवरून पडलेली. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं जातीवाचक वस्त्यांची नावं बदलून समता नगर, क्रांती नगर अशा धर्तीची नावं द्यायचा निर्णय घेतला. रस्त्याची पाटी बदलते, पण डीपीवरचं, खांबावरच्या एबी स्विचवरचं, उपकेंद्राच्या रजिस्टरमधलं आणि यंत्रचालकाच्या तोंडातलं नाव आपोआप बदलत नाही.

हा बदल झालाच पाहिजे. पण वीजकामातला सगळ्यात धोक्याचा नामबदलही हाच आहे. लाइन क्लिअर, म्हणजे लाइन बंद करून कामाला मिळणारी परवानगी, फोनवर घेतला जातो आणि फोनवर बोललं जातं ते नाव. खांबाजवळचा तंत्रज्ञ नवं नाव सांगतो, उपकेंद्रातल्या जुन्या माणसाच्या डोक्यात ते दुसऱ्याच फीडरचं (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनचं) असतं, आणि 'समता नगर' तर एका तालुक्यात चार असू शकतात. म्हणून क्रम पाळावा लागतो.

पहिली गोष्ट, सांकेतिक क्रमांकाला हात लावायचा नाही. फीडरचा आणि डीपीचा क्रमांक तोच राहील, आणि यापुढे परमिटवर नावाच्या आधी क्रमांक लिहायचा. ही सवय नाव बदलण्याच्या काही आठवडे आधीच लावून घ्या, म्हणजे नाव बदलेल त्या दिवशी लोक क्रमांकानं बोलत असतील.

दुसरी, नवं नाव ठरवताना त्याच उपकेंद्राच्या इतर फीडरांची नावं समोर ठेवा. क्रांती नगर आणि कांती नगर फोनच्या खरखरीत सारखेच ऐकू येतात. ग्रामपंचायतीनं ठरवलेलं नाव आधीच एखाद्या डीपीला असेल तर 'समता नगर पूर्व', 'समता नगर शाळा' असं काही जोडा.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. एरवी नाव बदलताना आपण काही काळ पाटीवर दोन्ही नावं लिहितो, जुनं कंसात. इथे तसं करायचं नाही. जातीवाचक नाव नव्या रंगात पुन्हा रंगवण्यात काय अर्थ? पाटीवर क्रमांक आणि नवं नाव एवढंच. जुन्या नावाचा मेळ फक्त उपकेंद्रातल्या रजिस्टरच्या एका पानावर, क्रमांक, जुनं नाव, नवं नाव आणि तारीख अशा चार रकान्यांत. जुनी परमिटं आणि बिघाडाच्या नोंदी शोधताना ते पान लागणारच, म्हणून ते फाडू नका.

चौथी, फोनवर परतउच्चार. सांगणाऱ्यानं क्रमांक आणि नाव सांगायचं, ऐकणाऱ्यानं तेच पुन्हा म्हणायचं, मगच स्विच. हे एरवीही असायलाच हवं. नामबदलाच्या काळात त्याला अपवाद नको. आणि परमिट हातात आलं तरी टेस्टरनं तपासणं आणि अर्थिंगची साखळी टाकणं कोणत्याही नावावर अवलंबून नसतं.

मास्टर-स्लेव्ह: सगळीकडे एकच पर्याय चालत नाही

लोकांची इथे फसगत होते, कारण त्यांना एका शब्दाला एक शब्द हवा असतो. 'मास्टर-स्लेव्ह' हे पाच-सहा वेगळ्या संबंधांना लावलेलं एकच नाव आहे. कोण काय करतं ते पाहा आणि त्यावरून नाव द्या.

पाण्याच्या पंपांत एक चालतो, दुसरा राखीव असतो. पंपाच्या पॅनलवाल्यांच्या तोंडात 'वर्किंग-स्टँडबाय' आहेच, तेच लिहा. कन्व्हेयरवर एकच भार दोन मोटरी ओढत असतील आणि दुसरी ड्राइव्ह पहिलीच्या टॉर्कमागे जात असेल तर 'लीडर-फॉलोअर'. एका रिलेचे संपर्क कमी पडतात म्हणून जोडलेल्या रिलेला काही ड्रॉइंगमध्ये 'स्लेव्ह रिले' म्हटलेलं असतं. प्रोटेक्शनवाले त्याला कॉन्टॅक्ट मल्टिप्लायर रिले म्हणतात, आणि ते नाव त्याचं कामही सांगतं. रेल्वे स्थानकावरच्या घड्याळांत मुख्य घड्याळ आणि दुय्यम घड्याळ. कारखान्यातली यंत्रं जोडणाऱ्या प्रोफिनेटमध्ये सुरुवातीपासून 'आयओ कंट्रोलर' आणि 'आयओ डिव्हाइस' आहे. दूरनियंत्रणाच्या डीएनपी-३ मध्ये दूरच्या टोकाला 'आउटस्टेशन' म्हणतात. त्याच कामाच्या आयईसी ६०८७०-५ मध्ये नियंत्रण करणारं स्थानक आणि नियंत्रित स्थानक असे शब्द आहेत. नवा शब्द घडवण्याआधी त्या विषयाचं मानक उघडा. बहुतेकदा शब्द तिथे तयार असतो, आणि तो घेतला की ग्राहकाच्या सल्लागाराशी वाद घालावा लागत नाही.

मॉडबसपाशी जरा थांबू, कारण तिथे नवा शब्द घेताना हमखास उलटं होतं. 'सर्व्हर' म्हटलं की डोळ्यासमोर मोठा संगणक येतो, म्हणून लोक पीएलसीला किंवा स्काडाला सर्व्हर आणि बिचाऱ्या मीटरला क्लायंट लिहितात. खरं याच्या उलट आहे. जो विचारतो तो क्लायंट, जो उत्तर देतो तो सर्व्हर. म्हणजे पूर्वीचा मास्टर, तुमची पीएलसी, आता क्लायंट. आणि एनर्जी मीटर, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह) हे सर्व्हर. तारेवर काहीच बदलत नाही: पत्ते १ ते २४७ तेच, फंक्शन कोड तेच, आरएस-४८५ तारेच्या दोन टोकांचे टर्मिनेशन रेझिस्टर तेच. ड्रॉइंगच्या पहिल्या पानावर एक ओळ टाका: 'या संचात क्लायंट म्हणजे विचारणारा (पीएलसी), सर्व्हर म्हणजे उत्तर देणारा (मीटर, व्हीएफडी).' ही ओळ नसेल तर कमिशनिंगला आलेला माणूस अर्धा दिवस घालवेल.

नुसत्या 'मास्टर' शब्दाच्या मागे लागायचं का? मी लागत नाही. सेन्सर जोडण्याच्या आयओ-लिंकमध्ये 'मास्टर' आणि 'डिव्हाइस' अशी जोडी आहे. आरटीसीसीवरचं 'मास्टर' राहू द्या, मास्टर चावीही.

मेल-फिमेल

या शब्दांनी कुणी दुखावतं की नाही यावर वाद होऊ शकतो. पण प्रशिक्षणाच्या वर्गात मुली बसलेल्या असताना या जोडीवरून होणारी खसखस ज्यानं ऐकली आहे त्याला कारण विचारायची गरज नाही. शिवाय शब्द फसवा आहे. सोलरच्या एमसी-४ जोडणीत ज्या तुकड्याचं प्लॅस्टिक बाहेरून 'मेल' दिसतं त्याच्या आतला धातूचा संपर्क उलट असतो. मग एक जण प्लॅस्टिक पाहून बोलतो, दुसरा धातू पाहून, आणि छतावर चुकीचा डबा उघडला जातो.

औद्योगिक जोडण्यांच्या आयईसी ६०३०९ मध्ये चार सरळ नावं आहेत: प्लग, सॉकेट-आउटलेट, कनेक्टर आणि अप्लायन्स इनलेट. भिंतीवरचं सॉकेट-आउटलेट, त्यात जाणारा प्लग, केबलच्या दुसऱ्या टोकाचा कनेक्टर आणि तो जिथे बसतो ते यंत्रावरचं इनलेट. उघड्या पिना कधीच पुरवठ्याच्या बाजूला नसतात, हा नियम या चार नावांतून आपसूक शिकवता येतो. घरातल्या ६ आणि १६ अँपिअरच्या पिन-सॉकेटसाठी आयएस १२९३ मध्येही प्लग आणि सॉकेट-आउटलेट हेच आहे. सिग्नलच्या छोट्या कनेक्टरांना 'पिनवाला' आणि 'सॉकेटवाला' म्हणा, संपर्क पाहून. दुकानात मागताना मात्र कॅटलॉगमधला क्रमांक सांगा, तिथे तुमचे नवे शब्द चालतीलच असं नाही.

कानशीचंही तसंच. आयटीआयच्या हत्यारांच्या यादीत 'बास्टर्ड' कानस असते, आणि तो दातांच्या भरडपणाचा जुना इंग्रजी शब्द आहे. खरेदीत तोच लिहावा लागतो. वर्गात 'मध्यम भरड' म्हणून शिकवा आणि बाजारात ती कोणत्या नावानं मिळते हे एकदा सांगून मोकळे व्हा.

बदलाचा दिवस

पॅनलवरचा नामबदल हा ड्रॉइंगमधल्या दुसऱ्या कोणत्याही बदलासारखा करायचा: रिव्हिजन क्रमांक, तारीख, कुणी केला, कुणी तपासला. ठरलेल्या शटडाउनमध्ये, चालू पॅनलवर नव्हे. आधी ड्रॉइंग, मग सॉफ्टवेअर, मग नेमप्लेट, आणि तिन्ही त्याच दिवशी. पॅनलवर एक नाव आणि पडद्यावर दुसरं अशी एक रात्रही जाऊ देऊ नका.

सॉफ्टवेअरमध्ये टॅगचं मूळ नाव शक्यतो बदलू नका. एचएमआय, स्काडा, ट्रेंडची साठवण हे सगळं त्या नावाला बांधलेलं असतं, आणि एक दुवा तुटला तर अलार्म गप्प होतो. ऑपरेटरला दिसणारं वर्णन बदला, आतलं नाव पुढच्या मोठ्या सुधारणेपर्यंत ठेवा. फेरूलचे (तारांच्या टोकांवरच्या नळ्यांचे) क्रमांक तर अजिबात हलवायचे नाहीत. शेवटी प्रत्येक बदललेला स्विच आणि अलार्म प्रत्यक्ष चालवून पाहा, मगच सही.

ज्याला हात लावायचा नाही

'डेड' हा सुरक्षेच्या नियमांत व्याख्या केलेला शब्द आहे: चालू यंत्रणेपासून तोडलेलं आणि जमिनीच्या विभवावर असलेलं. त्याला सौम्य करू नका. ब्लॅकआउट, ब्लॅक स्टार्ट हे दिवे गेल्यावरचे शब्द आहेत, कुणा माणसाबद्दलचे नाहीत. जुलै २०१२ ला उत्तर भारताची ग्रिड कोसळली त्याला ब्लॅकआउटच म्हणणार. 'ब्लॅकलिस्ट' वेगळा, कारण तो माणसांना आणि फर्मना लावतात. केंद्राच्या २०१७च्या वित्तीय नियमांत त्या कारवाईला 'डिबारमेंट' म्हटलं आहे, निविदेत ते वापरता येईल. मुंबईच्या लोकलमधलं डेडमॅन हँडल (सोडलं की गाडी थांबवणारं) रेल्वेच्या नियमावलीवर सोडा. तुमच्या यंत्रावर तसं बटण असेल तर आयईसी ६०२०४-१ मधले 'होल्ड-टू-रन' आणि 'एनेबलिंग' हे दोन वेगळे शब्द वापरा, कारण दाबून धरलं तरच यंत्र चालणं आणि दाबून धरलं तरच ते चालवायला परवानगी मिळणं ही कामं निरनिराळी आहेत.

अमेरिकी याद्यांत असे काही हत्यारांचे शब्द असतात जे आपल्याकडे कुणी कधी ऐकलेले नाहीत. ते बंद करण्यासाठी परिपत्रक काढलंत तर पोरं ते शोधून शिकतील.

वर्गात

रेझिस्टरच्या रंगांचा क्रम लक्षात ठेवायला इंग्रजीत एक किळसवाणं वाक्य पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं, बलात्कारावरचा विनोद म्हणून. आपल्याकडे बहुतेकांना 'बी बी रॉय'चं वाक्य माहीत असतं, ते निदान सभ्य आहे. पण इंग्रजी अक्षरांत काळा, तपकिरी, निळा तिन्ही 'बी', आणि हिरवा, राखाडी दोन्ही 'जी', त्यामुळे पोरं तिथेच गोंधळतात. मराठी रंगांची पहिली अक्षरं काना-वेलांटीसकट पाहिली तर दहाही वेगळी आहेत: काळा, तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, राखाडी, पांढरा, अनुक्रमे ० ते ९. त्यावर वाक्य करायला सोपं जातं: 'काल ताईने लाडू, नारळ, पिस्ते हिला निवडून जास्तच राखून पाठवले.' पोरांना स्वतःचं करायला सांगा, याहून चांगलं होईल. मग हातात एक रेझिस्टर द्या: पिवळा, जांभळा, लाल आणि शेवटी सोनेरी. पिस्ते चार, जास्तच सात, लाडू दोन म्हणजे दोन शून्यं. ४७०० ओहम, पाच टक्के कमी-जास्त. मल्टिमीटर लावून तपासायला सांगा.